तिळभरानं हुकलेली गोळी

"काका, वाचायलाच हवीत अशी पुस्तकं सांगा ना. पण दोनच प्रकारची. सायन्स फिक्शन आणि युद्ध."

आमच्या वरच्या मजल्यावर तीन मुली भाड्यानं राहतात. तिघीही स्पर्धा परीक्षेच्या. त्यांतल्या परभणीकडच्या एकीनं मला जिन्यातच गाठलं. पुण्याच्या नारायण पेठेत आता वाड्यांपेक्षा अभ्यासिका जास्त दिसतात. ही मुलगीही सकाळी सातला तिथं जाते आणि रात्री मेसचं जेवून परत येते. पानिपतची तिसरी लढाई तिला चार पर्यायांसकट पाठ आहे. तारीख १४ जानेवारी १७६१, समोर अहमदशहा अब्दाली, परिणाम अमुक-अमुक. झोपण्यापूर्वी मात्र तिला मार्कांसाठी नसलेलं काहीतरी हवं होतं.

यादी द्यायला मी कधीच कंटाळत नाही. या पेठेत न मागितलेल्या सल्ल्यांची परंपरा जुनी आहे, इथं तर कोणी आपणहून मागत होतं. पण लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मराठीपुरता तरी हा प्रश्न दोन फळ्यांचा नाही. विज्ञानकथा उचलली की खालून लढाई निघते, आणि लढाईचं पुस्तक उघडलं की 'असं झालं नसतं तर?' हा प्रश्न पहिल्या पानापासून मागे लागतो. चांगली विज्ञानकथा याच प्रश्नावर उभी असते.

आमच्या पेठेचंच घ्या. शेजारची सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची. आमची पेठ नारायणरावांच्या नावाची. नारायणराव हे नानासाहेब पेशव्यांचे धाकटे चिरंजीव. थोरले विश्वासराव पानिपतावर गोळी लागून गेले, मधले माधवराव क्षयानं गेले, म्हणून गादी नारायणरावांकडे आली. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी इथून चालत जाता येईल अशा शनिवारवाड्यात त्यांचा खून झाला. विश्वासरावांना लागलेली ती एक गोळी हुकली असती तर नारायणराव कदाचित कधी पेशवे झालेच नसते. म्हणजे माझ्या दारावरच्या पत्त्यातसुद्धा एक जर-तर लपलेलं आहे.

हे जर-तर कागदावर आणलं जयंत नारळीकरांनी. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची कथा 'यक्षांची देणगी' या १९७९ च्या संग्रहात आहे. यादीतलं पहिलं नाव मी बेधडक तेच लिहिलं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पानिपताच्या जर-तरचा विचार करत चाललेले असताना ट्रकशी टक्कर होते आणि ते दुसऱ्याच हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथं मराठे पानिपत जिंकलेले असतात आणि इंग्रज मुंबईपुरते उरलेले असतात. ग्रंथालयात बखर चाळताना त्यांना कळतं की या जगात विश्वासरावांच्या कानाशी आलेली गोळी तिळभर अंतरानं निसटून गेली. पानिपत संक्रांतीच्या दिवसांतलं, त्यामुळे तिळाचं हे माप मराठी वाचकाला आणखीच टोचतं. पंत परततात तेव्हा त्या बखरीचं फाटकं पान त्यांच्या खिशात असतं.

या कथेचं इंग्रजी रूप अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात आहे, त्यामुळे देशभरची मुलं ती वाचतात. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं ती वाचली नव्हती, कारण तिचं अकरावी-बारावी राज्य मंडळातून झालेलं. कथेत दोष नाही असं नाही. शेवटी एक मित्र येतो आणि पुंजभौतिकी समजावून सांगू लागतो, तेव्हा आपण नकळत वर्गात जाऊन बसतो. नारळीकरांच्या बऱ्याच कथांत हा वर्ग भरतो. त्यांची माणसं पातळ असतात आणि भाषा स्वच्छ असली तरी सपाट असते. पण कल्पनेचं बीज असं की पुस्तक मिटल्यावर ते वाचकाच्या डोक्यात वाढत राहतं. त्याच काळातली 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. मोदी गणपती आणि माती गणपती अशा दोन गणपतींच्या मधोमध राहणाऱ्या माझ्यासारख्याला सोंड कुठं वळली आहे हे देवळात शिरताच दिसतं. नारळीकरांनी त्याच डाव्या-उजव्याच्या प्रश्नातून आरशातल्या प्रतिमेची गोष्ट काढली आणि तिच्यात क्रिकेटही घातलं.

त्यांच्या पहिल्या कथेचा किस्सा बऱ्याच जणांना ठाऊक आहे, पण तो इथं लागतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. अक्षर होतं नारळीकरांच्या पत्नी मंगलाताईंचं आणि नाव होतं नारळीकरांच्याच आद्याक्षरांचं उलटं रूप. आपल्या नावाच्या वजनानं परीक्षक दबू नयेत म्हणून ही युक्ती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली आणि विज्ञानकथा साहित्याच्या घरात आली. निदान ओसरीपर्यंत तरी.

ती जन्मली मात्र याच्या बरीच आधी. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनला राहून चालवलेल्या 'केरळ कोकिळ' मासिकात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ज्यूल व्हर्नची 'चंद्रलोकची सफर' आली. म्हणजे मराठी विज्ञानकथेची नाळ पुण्या-मुंबईत नव्हे तर मलबारच्या किनाऱ्यावर पुरलेली आहे. पुण्याच्या पेठांनी हे मोठ्या मनानं मान्य करावं! पुढे पहिलं महायुद्ध चालू असताना श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' 'मनोरंजन' मासिकात आली. हे तेच रविकिरण मंडळातले कवी रानडे.

इथं जरा थांबतो, कारण व्हर्नच्या त्या गोष्टीत युद्ध दडलेलं आहे आणि ते सहसा कोणी सांगत नाही. मूळ कादंबरी १८६५ ची. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपतं आणि बाल्टिमोरच्या तोफखाना मंडळातल्या तज्ज्ञांना उद्योग उरत नाही. हात-पाय गमावलेली ही माणसं नवी लढाई लागत नाही म्हणून खंतावतात आणि शेवटी एक अवाढव्य तोफ ओतून चंद्रावरच गोळा डागायचं ठरवतात. लहानपणी तिच्या भा. रा. भागवतांनी केलेल्या रूपांतरात, 'चंद्रावर स्वारी'त, मी फक्त चंद्र पाहिला. तोफ दिसायला पन्नाशी यावी लागली. भागवतांचं 'मुक्काम शेंडेनक्षत्र'ही यादीत घातलं. मुलांसाठी लिहिलेलं आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. असलं खेळकर, उड्या मारत जाणारं मराठी मोठ्यांच्या विज्ञानकथेला अजून साधलेलं नाही.

व्हर्नचा दुसरा धागा तर थेट आपल्याकडे येतो. पाणबुडीतला कॅप्टन निमो कोण, याचा उलगडा तो दुसऱ्या एका कादंबरीत करतो. निमो निघतो बुंदेलखंडचा राजपुत्र, सत्तावनच्या उठावात लढलेला आणि सगळं गमावून समुद्राच्या पोटात गेलेला. आता त्याच काळात त्याच बुंदेलखंडात खरोखर अडकलेला एक मराठी माणूस आठवा. वरसईचे विष्णुभट गोडसे. घरचं कर्ज फिटावं म्हणून यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेनं १८५७ मध्ये उत्तरेकडे निघालेला हा गरीब भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. बऱ्याच वर्षांनी त्यानं जे पाहिलं ते लिहून काढलं आणि चिं. वि. वैद्यांनी ते 'माझा प्रवास' म्हणून १९०७ मध्ये छापलं. एकाच युद्धातून फ्रान्समध्ये बसलेल्या लेखकाला पाणबुडीच्या कप्तानाचा भूतकाळ सुचला आणि कोकणातल्या भटजीला आपला जीव कसा वाचला ते आठवलं. मला विचाराल तर भटजींचं पुस्तक निमोपेक्षा वरचं.

का, ते सांगतो. गोडसे भटजींना शौर्य गाजवायचं नाही. त्यांना जगायचं आहे. तोफगोळे पडत असताना पाणी कुठं मिळेल, सोवळं-ओवळं किती सांभाळायचं, लूट करणारे गोरे शिपाई आधी काय उचलतात आणि नंतर काय, हे ते सांगतात. झाशीची राणी त्यांना पुतळ्यासारखी दिसत नाही. तहानलेली, दमलेली, धुळीनं माखलेली बाई म्हणून दिसते. वैद्यांनी छापताना बरीच कात्री चालवली होती. मूळ हस्तलिखितावरचं पुस्तक नंतर दत्तो वामन पोतदारांनी काढलं. मिळालं तर ते घ्यावं. मराठीतलं युद्धावरचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर हेच, असं मी त्या मुलीला चिठ्ठीवर दोनदा अधोरेखित करून दिलं.

युद्धाची मराठी फळी नीट पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. ती पराभवांनी भरलेली आहे. पानिपत, झाशी, बासष्ट. 'विश्वास तर पानिपतातच गेला' असं आपण हातउसने बुडवणाऱ्याबद्दलही म्हणतो आणि दहावीचा निकाल लागला तरी कोणाचं ना कोणाचं 'पानिपत' होतंच. विजयांवर आपण पोवाडे रचले. पुस्तकं मात्र, टिकणारी तरी, हरलेल्या लढायांवर लिहिली. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ ची. तिशीच्या आतल्या लेखकानं लिहिलेली ही जाडजूड कादंबरी अजून दर पिढीत नव्यानं वाचली जाते. ती भाऊसाहेबांच्या बाजूनं कलते, वर्णनं फुलवते आणि भूक, थंडी, घोड्यांचा दाणा-वैरण यांचा हिशेब मांडते तेव्हा सगळ्यात खरी वाटते. तिच्यानंतर त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वाचावं. दोषाचं सगळं माप भाऊंच्या पदरात ओतायच्या सवयीला शेजवलकर प्रश्न विचारतात, तेही इतिहासकाराच्या कोरड्या, करकरीत भाषेत. कादंबरीनं गळा दाटलेला असेल तर या पुस्तकानं डोकं ताळ्यावर येतं.

बासष्टच्या चीन युद्धासाठी दोन नावं. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' वरून पाहिलेलं युद्ध सांगतं. निर्णय, नकाशे, रस्ते, तोकडी रसद, आणि दिल्लीतल्या गैरसमजांची किंमत कोणी मोजली ते. श्याम चव्हाणांचं 'वालाँग : एका युद्धकैद्याची बखर' खालून पाहतं, चिन्यांच्या कैदेत पडलेल्या अधिकाऱ्याच्या नजरेनं. उपशीर्षकातला 'बखर' हा शब्द पाहून मला पानिपतावरची भाऊसाहेबांची बखर आठवली. दोनशे वर्षांनंतरही हरलेल्या माणसाला सांगायचं झालं की त्याच्या तोंडी तोच शब्द येतो. पित्र्यांचंच 'डोमेल ते कारगिल' काश्मीरच्या सगळ्या लढायांचा पट उलगडतं. ते संदर्भासाठी जवळ ठेवण्याचं, सलग वाचायचं नव्हे.

परक्यांच्या युद्धांवर मात्र मराठीत भरपूर आणि आवडीनं लिहिलं गेलं. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' एके काळी मध्यमवर्गीय घराच्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या शेजारी असे. ना. ह. पालकरांचं 'इस्रायल : छळाकडून बळाकडे' पेठांतून घरोघर फिरलं. त्यातली कळकळ खरी आहे, पण त्या कहाणीत पॅलेस्टिनी माणूस शोधूनही सापडत नाही, हे आजच्या वाचकानं लक्षात ठेवावं. वि. स. वाळिंबे तर आमच्या पेठेतल्या 'केसरी'चेच. त्यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा' म्हणजे दुसरं महायुद्ध बातमीदाराच्या वेगानं सांगितलेलं. लोकमान्यांनी १९०५ मध्ये घेतलेल्या, 'केसरी'च्या गायकवाड वाड्यावरून जाताना मला हे पुस्तक हटकून आठवतं. जगातल्या लढाया पेठेत बसून समजून घ्यायच्या, हा त्या वाड्याचा जुना छंद.

आता कादंबरी. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९. वाचनालयात मागताना लेखकाचं नाव सांगायला विसरू नये, कारण विश्वास पाटलांनी पानिपतावर लिहिलेल्या नाटकाचं नावही 'रणांगण'च आहे. बेडेकरांच्या कादंबरीत एकही गोळी सुटत नाही. युरोपातून निघालेली एक बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, चक्रधर विध्वंस नावाचा कडवट झालेला मराठी तरुण आणि हॅर्टा. युद्ध अजून सुरू व्हायचंय, पण माणसं आधीच जखमी आहेत. शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक, दोन रात्रींचं. मराठीत युद्धावर झालेलं सगळ्यात धारदार लेखन रणभूमीपासून इतक्या दूर, पाण्यावर झालं आहे.

विज्ञानकथेकडे परत येतो. भस्मासूर कानिटकरांना हिटलरसाठी लागला आणि नारळीकरांना 'अंतराळातील भस्मासूर'साठी. नारळीकरांचं 'वामन परत न आला' आहे, तसं सुबोध जावडेकरांचं 'वामनाचे चौथे पाऊल'. लक्ष्मण लोंढे आणि चिंतामणी देशमुख यांच्या कादंबरीचं नाव 'देवांसि जिवे मारिले'. यंत्रमानव असो की परग्रहवासी, मराठी लेखक नाव शोधायला पुराणाच्या कोठीतच जातो. यात आळस नाही असं मी म्हणणार नाही. पण वरदान डोक्यावर हात ठेवून कसं उलटतं, हे भस्मासुराच्या गोष्टीइतकं थोडक्यात अणुबॉम्बबद्दल कोणी सांगितलंय? जावडेकरांचं 'गुगली' आणि लोंढ्यांची 'दुसरा आइन्स्टाइन' ही कथा यादीत हवीच. जावडेकर नारळीकरांपेक्षा माणसांत जास्त रमतात, त्यांच्या कथांत यंत्र बिघडतं तेव्हा एखादं घरही बिघडतं. अरुण साधूंची 'विप्लवा' वाचावी ती पत्रकार-कादंबरीकार या प्रांतात शिरला तर काय होतं ते पाहायला. नारायण धारपांना सगळे भुताखेतांचे लेखक म्हणून ओळखतात, पण त्यांची 'नेनचिम' विज्ञानकथेच्या फळीवरची आहे. त्यांच्यापाशी एक गोष्ट होती जी शास्त्रज्ञ-लेखकांपाशी क्वचितच असते. त्यांना वाचकाला घाबरवता यायचं. बाळ फोंडक्यांच्या कथा, शुभदा गोगट्यांची 'यंत्रायणी', ही नावं पुढच्या महिन्यासाठी.

एक उणीव मला बोचते. आपले विज्ञानकथाकार बहुतेक प्रयोगशाळेतून किंवा वर्गातून आले. नारळीकर खगोलशास्त्रज्ञ, फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रातले, निरंजन घाटे भूशास्त्राचे. त्यामुळे विज्ञान चोख, पण कथेच्या अंगाला बारूदीचा वास नाही. बाहेर पाहा. कर्ट व्हॉनेगट १९४५ मध्ये ड्रेस्डेनला जर्मनांच्या कैदेत होता. शहर वरून जळत असताना तो तळघरात वाचला, आणि ते सांगायला त्याला १९६९ मध्ये काळात मागेपुढे उड्या मारणारा नायक आणि परग्रहवासी लागले. 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' ही विज्ञानकथा की युद्धकादंबरी, हे ठरवता येत नाही. जो हाल्डेमन व्हिएतनाममध्ये जखमी झाला आणि १९७४ मध्ये त्याची 'द फॉरएव्हर वॉर' आली. तिच्यातले सैनिक ताऱ्यांवर लढून परततात तेव्हा पृथ्वीवर शतकं उलटलेली असतात आणि घर ओळखीचं राहिलेलं नसतं. सुट्टीवर गावी आलेल्या कुठल्याही सैनिकाला ही भावना सांगावी लागणार नाही. १९७४ म्हणजे 'कृष्णविवर'चंच वर्ष. साताऱ्यात, कोल्हापुरात घरटी सैनिक असलेली गावं आहेत. सियाचीनवर राहून आलेला त्यांतला एखादा हवालदार गोठलेल्या ग्रहाची गोष्ट लिहील तर ती कशी असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो. गंगाधरपंत पानिपतावर पोचतात ते ग्रंथालयातून, हे आपल्या विज्ञानकथेचं बळही आहे आणि मर्यादाही.

याद्यांवर ज्यांचा विश्वास नाही त्यांनी घाट्यांचं 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' घ्यावं. रद्दीची दुकानं, पदपथ आणि वाचनालयं पालथी घालत एक माणूस काय काय वाचत गेला, याची ती हकिकत. 'वाचायलाच हवं' असा आग्रह त्यात नाही, म्हणूनच ते वाचून माणूस यादी करायला बसतो. अप्पा बळवंत चौकात आता स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांचे ढीग जास्त लागतात, पण ढिगाच्या तळाशी हात घातला तर अजून काहीतरी लागतं. मला मागच्या पावसाळ्यात 'मुक्काम शेंडेनक्षत्र' पाठीमागचं पान नसलेलं मिळालं.

चिठ्ठी मुलीला दिली. तिनं आधी मोजली. सोळा नावं.

"एवढी? प्रीलिमच्या आधी?"

"आधी तीनच. यक्षांची देणगी, माझा प्रवास, रणांगण. बाकीची नंतर."

पेठेतल्याच पुणे मराठी ग्रंथालयाकडे बोट दाखवलं. आठवड्यानं ती जिन्यात भेटली तेव्हा हातात गोडसे भटजी होते आणि चेहऱ्यावर थोडा राग.

"काका, झाशी पडल्यावर हा माणूस विहिरीपाशी येतो ना, त्याच्यापुढे मला वाचवेना. दोन दिवस तिथंच आहे."

मी म्हटलं, तिथं मीही थांबलो होतो. त्या दिवसांपुरतं नारळीकर वाच.

"ते संपले," ती म्हणाली आणि अभ्यासिकेला उशीर होतोय म्हणून जिना उतरून गेली.